एल्फिन्स्टन रोड ते प्रभादेवी : एका स्थानकाच्या नावाचा इतिहास

बडोद्याहून मुंबईला जाणारी गाडी दादर सोडून मुंबई सेंट्रलकडे निघाली की काही लहान स्थानके झपाट्याने मागे पडतात. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पाट्यांकडे आपले लक्ष जात नाही. दादरनंतरच्या पहिल्या पाटीवर आज 'प्रभादेवी' असे नाव आहे. जुलै २०१८ पर्यंत तिथे 'एल्फिन्स्टन रोड' असे लिहिलेले असे. या एका पाटीच्या मागे मुंबईचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो पाहिला म्हणजे नाव बदलताना काय बदलते आणि काय बदलत नाही, याचा थोडा उलगडा होतो.

वाचकांनी प्रथम एक घोटाळा दूर करावा. एल्फिन्स्टन म्हटले की मराठी माणसाला आठवतो तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. नागपूरच्या भोसल्यांकडे आणि पुढे १८११ पासून पुण्याच्या पेशव्यांकडे रेसिडेंट असलेला, १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात असलेला आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर झालेला हाच तो. पेशवाई बुडवणाऱ्यांत त्याचे नाव येते. तसेच देशी भाषांतील शालेय पुस्तकांच्या कामाला उत्तेजन देणाऱ्यांतही येते. तो परत गेला तेव्हा लोकांनी त्याच्या स्मरणार्थ निधी जमवला आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले.

स्थानकाचे नाव मात्र याचे नव्हे. ते त्याच्या पुतण्याचे, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचे. हा १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, ती त्याच्या आगमनाच्या काही महिने आधी. मुंबईची पहिली कापड गिरणी, मुंबई विद्यापीठाची स्थापना आणि सत्तावनचा उठाव या गोष्टी मात्र त्याच्या कारकिर्दीतल्या. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया ही रेल्वे कंपनीही १८५५ मध्ये, त्याच्याच काळात स्थापन झाली. बडोद्याचे नाव मिरवणाऱ्या या कंपनीच्या मार्गावर पुढे हे स्थानक झाले. आज हाच मार्ग पश्चिम रेल्वेचा आहे.

आता नावातला 'रोड' पाहा. या कंपनीची मुंबईतली पहिली उपनगरी गाडी विरारहून १८६७ च्या एप्रिलमध्ये निघाली. तेव्हाच्या यादीत गोरेगाव नाही, 'पहाडी' आहे. म्हणजे जवळच्या गावाचे नाव स्थानकाला देण्याची रीत होती. बेटाच्या दक्षिण भागात मात्र रस्त्यांची नावे स्थानकांना मिळाली, आणि ते रस्ते बहुधा साहेबांच्या नावाचे. ग्रँट रोड, रे रोड, सँडहर्स्ट रोड ही तिन्ही नावे मुंबईच्या गव्हर्नरांची आहेत. गव्हर्नरांचा सरकारी बंगला अनेक वर्षे जवळच परळला होता; १८९९ मध्ये त्याच वास्तूत हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. तेव्हा या परिसरात एका गव्हर्नराचे नाव उमटावे, यात नवल नाही.

पण नाव देणारा एक आणि ते वापरणारे दुसरे. स्थानकाच्या दोन्ही बाजूंना गिरण्या उभ्या राहिल्या. कोकण, घाट आणि देशावरून आलेली माणसे चाळींत राहू लागली. त्यांच्या तोंडी हे नाव 'एल्फिस्टन' झाले. पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराला त्या शब्दात कोणी लॉर्ड दिसत नव्हता. त्याला दिसत होता तो पूल, जिना आणि बाहेरचा चहावाला. साहेबाचे नाव अशा रीतीने त्याच्यापासून सुटून गिरणगावाचे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या खचल्या आणि त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले. एल्फिन्स्टन मिलची जागाही त्यातच गेली. स्थानकाचे जिने आणि पूल मात्र जुन्याच मापाचे राहिले.

'प्रभादेवी' हे नाव स्थानकाच्या पश्चिमेकडील वस्तीचे, आणि वस्तीला ते तिथल्या प्रभावती देवीवरून मिळालेले. देवीचे देऊळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे मानतात. पौष पौर्णिमेला तिची जत्रा भरते. म्हणजे हे नाव नव्याने घडवलेले नाही. ते दोन्ही एल्फिन्स्टनांच्या आधीचे आहे आणि तिथल्या माणसांचे आहे. विधिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये नामांतराचा ठराव केला, पुढे केंद्राची संमती मिळाली, आणि जुलै २०१८ मध्ये पाटी बदलली.

या दोन तारखांच्या मध्ये २९ सप्टेंबर २०१७ ही तारीख आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गर्दीच्या वेळी अचानक पाऊस आला. लोक एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर अडकले, आणि चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी तिथे नवा पूल बांधला. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. नाव बदलण्याचा निर्णय झाला होता. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या येऊनही पूल रुंद करण्याचे काम मात्र मागे पडले होते. नामांतराच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ती २३ माणसे 'एल्फिन्स्टन रोड'ला मेली. त्या दिवसाच्या बातम्या, चौकशीचे कागद आणि घरच्यांच्या आठवणी त्याच नावाखाली आहेत. उद्या एखादा विद्यार्थी 'प्रभादेवी' शोधू लागला, तर ही माणसे त्याला सापडणार नाहीत. गिरणी कामगारांच्या कितीतरी आठवणींचेही तसेच. जुने नाव केवळ साहेबाची खूण म्हणून विसरले, तर त्याच्याबरोबर आपलीच माणसे विसरली जातात.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या वसाहतींना हा प्रश्न परका नाही. बेळगाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झाले. 'बरोडा'चे वडोदरा झाले, आणि आपण मराठीत अजून बडोदेच म्हणतो. नाव कोणाचे असावे, याचा वाद चालायचाच, आणि 'प्रभादेवी'सारखे मुळातले नाव पाटीवर परत यावे, यात गैर काही नाही. परंतु पाटी बदलणाऱ्याने आधीच्या पाटीची नोंद ठेवावी : नाव काय होते, कोणाचे होते, केव्हापर्यंत होते. स्थानकावर एक छोटा फलक लावला तरी पुरे. तोवर हे काम आपल्यासारख्या संस्थांनी करावे. आपापल्या गावातील स्थानके, पेठा आणि वेशी यांची जुनी नावे ज्यांच्या तोंडी अजून आहेत, त्यांना विचारून ती लिहून घ्यावीत. ही माणसे असेपर्यंतच हे काम होण्यासारखे आहे.