नागपूरला समुद्र नाही

गटाराचा इतिहास हा बराचसा उताराचा इतिहास आहे. पाणी खाली जातं, त्यासोबत मैला जातो आणि उताराच्या शेवटी जे राहतात त्यांच्या दारात पोचतो. किनाऱ्यावरच्या शहरांची अडचण मात्र वेगळी होती. जमीन सपाट, थोडं खणलं की पाणी, आणि भरतीला समुद्रच नळातून उलटा आत येणार. उतार मिळवायला नळ खोल न्यावा, तर खड्डाच पाण्याने भरतो.

एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांनी यावर काढलेला उपाय म्हणजे दाब. १८८८ च्या सुमारास रंगून बंदरात आयझॅक शोनची पद्धत आली. वस्तीतला मैला उताराने जवळच्या लोखंडी टाकीत उतरायचा. टाकी भरली की त्यात दाबलेली हवा सोडायची, आणि ती मैल्याला बंद नळातून पुढे ढकलायची. मुंबईने वरळीच्या लव्ह ग्रोव्हला पंप बसवले. पुढे वरळी आणि वांद्र्याहून समुद्रतळाखाली तीन किलोमीटरहून लांब बोगदे खणले गेले. ते अनुक्रमे १९९९ आणि २००३ मध्ये सुरू झाले.

दाबाची नळी आखणं दिसतं तितकं सोपं नाही. वेग कमी ठेवला तर गाळ तळाशी बसतो, वाढवला तर घर्षणापायी विजेचं बिल वाढतं. उंचवट्यावर हवा अडकते, म्हणून तिथे एअर व्हॉल्व्ह लागतात. अचानक वीज गेली की धावतं पाणी थबकतं आणि त्याचा धक्का नळ फोडू शकतो. शिवाय भरलेल्या नळात हवा नसते. तिथले जिवाणू सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. नळाच्या टोकाला हा वायू मोकळा झाला की त्याचं आम्ल बनतं आणि काँक्रीट खातं.

एवढी यातायात करून माणसाच्या हाती एक अधिकार आला. मैला कुठे जाणार हे आता उतार ठरवत नाही, आपण ठरवतो. मुंबईने समुद्र निवडला.

मी नागपूरकर. आमच्याकडे समुद्र नाही, पण तो असल्यासारखे आम्ही वागलो. ज्या नदीवरून शहराचं नाव पडलं असं सांगतात, त्या नागात आम्ही सांडपाणी सोडलं. सांडपाण्यावर संशोधन करणारी नीरी ही संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, तरीही. नाग कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'शी परंपरेने जोडलेलं अंभोरा ते हेच. तिथून पाणी गोसीखुर्द धरणात साठतं. म्हणजे आमच्या बाथरूमचं पाणी काठावरच्या शेतकऱ्याच्या आणि मासे धरणाऱ्या ढिवराच्या वाट्याला जातं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून मला भांडेवाडी ते कोराडी ही पाइपलाइन महत्त्वाची वाटते. २००८ मध्ये नागपूर महानगरपालिका आणि महानिर्मिती यांच्यात करार झाला: शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं आणि कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला द्यायचं. भांडेवाडीत रोज १३ कोटी लिटर क्षमतेचं केंद्र उभं राहिलं. २०१५ च्या सुमारास पाणी जाऊ लागलं, पंपाच्या दाबाने, सुमारे १६ किलोमीटर. नाग पूर्वेला वाहते, हे पाणी उत्तरेला जातं. यंत्रं थंड करायला पेंच धरणाचं जे पाणी लागलं असतं, तेवढं पिण्यासाठी वाचतं. शिवाय पालिकेला पैसे मिळतात. काल जे फेकायचं होतं, त्याला आज गिऱ्हाईक आहे.

यावर लगेच टाळ्या वाजवू नका. नाग अजून काळीच आहे. सगळं सांडपाणी नळात शिरत नाही. बरंचसं नाल्यांतून थेट नदीत उतरतं. वीज केंद्राला पाणी हवं होतं, म्हणून त्याच्यासाठी नळ टाकला गेला. वैनगंगेच्या काठाला स्वच्छ पाणी हवं आहे, पण तो काठ करार करायला येऊ शकत नाही.

तुमच्या शहरात नवी मलवाहिनी येणार असेल, तर खर्चाच्या आकड्याआधी नकाशात तिचं टोक शोधा. त्या टोकाला कोण राहतं आणि त्यांना कुणी विचारलं का, हे विचारा.