दुष्काळ, देव आणि देहूचा वाणी

१९७२ सालचा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावोगाव आहेत. खडी फोडून सोललेले हात, मिलोची भाकरी, सुकडी यांच्या गोष्टी आपण त्यांच्या तोंडून ऐकतो. त्या वेळी निदान सरकारी कामे निघाली होती आणि बाहेरचे धान्य येऊ शकत होते. आता असा दुष्काळ डोळ्यांपुढे आणा, की धान्य आणायचे ते बैलाच्या पाठीवरून, आणि वाटेत त्या बैलालाच चारापाणी नाही! १६३० साली सुरू झालेला दुष्काळ असा होता. पुण्याजवळ इंद्रायणीकाठी देहू गावात एका तरुण वाण्याचे घर त्यात पार बुडाले. त्या वाण्याचे नाव तुकाराम बोल्होबा मोरे.

आपण त्यांना संत तुकाराम म्हणून ओळखतो. पण ही ओळख झाली ती दुष्काळानंतर. तो दुष्काळ काय होता, हे आधी समजून घेतले पाहिजे.

दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलखांत पावसाने दगा दिला. शहाजहान बादशहा त्या वेळी दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. त्याचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘बादशहानामा’त लिहून ठेवले आहे, की पिठात हाडांचा भुगा मिसळून विकला जाई, आणि बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले जाई. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास निघाला. खानदेशातून जाताना वाटेवर पडलेली प्रेते त्याने पाहिली आणि आपल्या रोजनिशीत नोंदली. बादशहाने लंगरखाने उघडले, काही सारा माफ केला. पण फौजांची ये-जाही चालूच होती. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे कसबा उद्ध्वस्त केला. म्हणजे आभाळ फाटलेले आणि राजाही बेभरवशाचा. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर १६३० मध्ये झाला, तो अशा दिवसांत.

या दिवसांत तुकोबांचे काय झाले? त्यांचे १६०८ हे रूढ जन्मसाल धरले, तर ते तेव्हा ऐन बाविशीत होते. घराणे खाऊनपिऊन सुखी, गावची महाजनकी, दुकान, थोडी सावकारी. पण आईवडील आधीच गेले होते. मग दुष्काळ आला, दिवाळे निघाले, थोरली बायको रखमाबाई भुकेने गेली. पहिला मुलगा संतोबाही गेला, असे परंपरा सांगते. तुकोबांनी आपले आत्मवृत्त एका अभंगात सांगितले आहे. त्यात मोठेपणाची भाषा कोठेही नाही. दुष्काळाने पैसा नेला, मान नेला, बायको अन्नावाचून मेली, मला लाज वाटली, असे ते सरळ सांगतात. सावकाराच्या घरातली बाई अन्न अन्न करीत जावी, ही ती लाज. शिक्षक बंधुभगिनींनी हा अभंग मुलांपुढे जरूर ठेवावा. त्या दुष्काळात होरपळलेल्या मराठी माणसाचा हा स्वतःचा जबाब आहे.

आता खरा प्रश्न. स्वतःचे बळ असे संपल्यावर या माणसाने देवावर भार टाकला, म्हणजे नेमके काय केले? आपल्याकडे ‘दे रे हरी, खाटल्यावरी’ अशी म्हण आहे. हातपाय न हलवता देवाची वाट पाहणाऱ्याला आपण ती ऐकवतो. तुकोबांच्या वाट्याला ती लावून पाहू या, बरं का.

त्याच अभंगात पुढे ते सांगतात, की विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते नीट करावे असे मनात आले. हे देऊळ त्यांच्या पूर्वजांचे. ज्याच्या घरात दाणा नाही, तो माणूस चिखल मळायला उभा राहिला! मग एकादशीची कीर्तने सुरू केली, संतांची वचने पाठ केली, अंग मोडून लोकांचे उपकाराचे काम केले. यात खाटले कोठे आहे?

दुसरी गोष्ट परंपरेने सांगितलेली. महिपतीबुवांनी अठराव्या शतकात ती आपल्या ग्रंथात लिहिली. वडिलांच्या वेळची कर्जखते घरात होती. दुष्काळ सरल्यावर सावकार काय करतो? खते काढतो आणि वसुलीला निघतो. तुकोबांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. ज्या कुणब्यांची नावे त्या कागदांवर होती, त्यांना या भक्तीचा अर्थ सांगायला कीर्तनकार लागला नसेल. उद्याची चिंता ज्याने देवावर टाकली, त्यालाच दुसऱ्याच्या मानेवरचा फास असा सोडता येतो.

आणि एक गोष्ट झाकून ठेवू नये. या भरवशाची किंमत घरातही मोजावी लागली. दुसरी बायको जिजाबाई, जिला लोक आवली म्हणतात, तिच्या तोंडाळपणाच्या कथा सांगून आपण हसतो. पण नवरा डोंगरावर नामस्मरणात बसलेला, घरात लहान मुले आणि मडक्यात दाणे नाहीत, अशी ती बाई. ती रागावे, बोले, आणि तरीही भाकरी बांधून डोंगर चढे, असे त्याच कथा सांगतात. तुकोबांचा देवावरचा भरवसा उभा राहिला, त्याखाली आवलीचाही खांदा होता.

देवाने तुकोबांना काय दिले मग? धान्याची कोठारे दिली नाहीत, रखमाबाई परत दिली नाही. दिले ते एवढेच, की जे जायचे ते सगळे गेल्यावर भीतीही गेली. म्हणून तर दिवाळे निघाले ते बरेच झाले, असे ते एका अभंगात देवाला म्हणू शकले. आपल्या तोंडून बोलतो तो पांडुरंगच, असेही त्यांनी वारंवार सांगितले. बळ आपले नव्हे, ही त्यांची खात्री होती. पण ते बळ उतरायचे कोठे, तर आपल्याच हातांत, हेही त्यांनी जगून दाखवले.

पाऊस आजही दगा देतो, कर्ज आजही माणसाला रात्री झोपू देत नाही. अशा वेळी घरातला कर्ता माणूस गप्प होतो, चारचौघांत यायचे टाळतो. तुकोबांनाही ती लाज वाटली होती. त्यांनी ती लपवली नाही, देवापाशी आणि लोकांपाशी बोलून दाखवली. शेजारचा असा गप्प झालेला माणूस दिसला, तर त्याला एकादशीच्या कीर्तनाला हाताला धरून घेऊन या. आणि आपले काही येणे त्याच्याकडे असेल, तर यंदा ते खत जरा बाजूला ठेवा.