कोणते मून?

दसऱ्याची संध्याकाळ. दीक्षाभूमीबाहेर पुस्तकांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नाही. “घ्या न भाऊ, चौथा खंड हाये,” दुकानदार म्हणतो. बाबासाहेबांचं इंग्रजी लेखन. संपादक वसंत मून. पान उलटता उलटता गर्दीचा आवाज बदलतो.

तुम्ही मुंबईत आहात. फेब्रुवारी 1988. रस्ताभर निळे झेंडे. हा खंड आदल्या वर्षी निघाला, आणि राम-कृष्णावरच्या परिशिष्टानं आग पेटली. शिवसेना म्हणते, ते काढा. मोर्चा म्हणतो, ओळही हलणार नाही. तोडगा अगदी सरकारी निघेल: मजकूर तसाच, सोबत टीप, या मतांशी शासन सहमत नाही.

आणखी सात-आठ वर्षं मागे. इथं थांबा, घाई नको. बाबासाहेबांचे कागद बरीच वर्षं सरकारी ताब्यात पेट्यांत पडून होते. 1978पासून त्यांच्या संपादनाचं काम सांभाळणारे मून नागपूरचे. बाबासाहेबांचं चरित्रही त्यांनी लिहिलं, पण चरित्रकाराचा खरा कस लागतो तो या गठ्ठ्यांपुढे. टाइप केलेली पानं, एकाच प्रकरणाच्या वेगवेगळ्या प्रती, कडेला शाईच्या दुरुस्त्या. अनुक्रमणिका एक सांगते, हातातली प्रकरणं दुसरंच. तुमचे हात शिवशिवतात: इथं एक वाक्य जोडलं तर? नाही. पान नसेल तर नाही म्हणून छापायचं. भक्ताला हे फार जड जातं, आणि मून तर बाबासाहेबांना मानणाऱ्या वस्तीतच वाढलेले.

आणखी मागे, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा दिवस, 14 ऑक्टोबर 1956, तुम्ही ओझरताच पाहता. पांढरी वस्त्रं, भिक्खू चंद्रमणी, बावीस प्रतिज्ञा. धुळीत माणसंच माणसं.

मग चाळीसचं दशक, सीताबर्डीतला महारपुरा. गल्लीत समता सैनिक दलाच्या पोरांची कवायत चाललेली. यांतल्या कुणाचं चरित्र कोण लिहिणार? मूनच लिहितील, 1995 साली, ‘वस्ती’त. आत्मकथन म्हणून ते वाचलं जातं; मला मात्र ते आख्ख्या मोहल्ल्याचं चरित्र वाटतं, आणि त्यांचं सर्वांत चांगलं.

डोक्यावर गुंड घेतलेली एक बाई तुम्हाला थांबवते. “कोनाकडं आले, भाऊ?”

“मूनांकडे.”

“कोनते मून?”