जुन्या कोल्हापूरचा फोटो नेमका कधीचा? असा ओळखा

‘१५० वर्षांपूर्वीचं कोल्हापूर’ असं लिहून एखादा फोटो व्हायरल होतो. तो खरंच तेवढा जुना आहे का? उत्तर बऱ्याचदा फोटोतच असतं.

न्यू पॅलेस: बांधकाम १८८४ मध्ये पूर्ण झालं. पूर्ण इमारत दिसली, तर फोटो त्याआधीचा नाही.

रेल्वे: मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला.

खासबाग मैदान: १९१२ मध्ये बांधून झालं.

पॅलेस थिएटर: १९१५ चं, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालेला इथला रंगमंच आता फोटोंतच पाहता येतो.

शाहू महाराज: निधन ६ मे १९२२. ते स्वतः असलेला फोटो त्यानंतरचा असूच शकत नाही.

कळंबा तलावाच्या फोटोत मात्र नुसतं पाणी आणि डोंगर असतील, तर काळ ठरवणं अवघड. तिथे फोटोची मागची बाजू कामी येते: स्टुडिओचा शिक्का, तारीख, हाताने लिहिलेली नावं.

म्हणून घरचा जुना फोटो स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्या आणि कडा कापू नका. कडेवरची ओळ गेली की पुरावाही जातो.