दिनविशेष : १९ जानेवारी – नॅन्सी लिंच
संगणकशास्त्रज्ञ नॅन्सी लिंच यांचा आज जन्मदिन. जन्म १९४८, ब्रुकलिन. ब्रुकलिन कॉलेजातून गणिताची पदवी, १९७२ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट. जॉर्जिया टेकसह काही विद्यापीठांत शिकवून १९८२ मध्ये त्या एमआयटीत परतल्या.

त्यांचा अभ्यासविषय म्हणजे दूरदूरच्या संगणकांमधले एकमत. यवतमाळहून पुण्याला पैसे पाठवले, की अशा संगणकांचा हिशेब जुळावा लागतो. निरोपांना लागणाऱ्या वेळेला मर्यादा नसेल आणि एखादा संगणक जरी बंद पडू शकत असेल, तर ठरीव कृतीने अशा एकमताची हमी देता येत नाही, हे त्यांनी सहसंशोधक फिशर व पॅटरसन यांच्यासह १९८५ मध्ये दाखवले. पुढे विद्यार्थी मार्क टटल यांच्यासोबत इनपुट-आउटपुट ऑटोमॅटा हे प्रारूप मांडले. त्यातून अशा प्रणालींचा बिनचूकपणा गणिताने पडताळता येतो. २००७ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील नूथ पुरस्कार मिळाला.