दुसऱ्या कडव्याला उठणारी माणसं

काल रात्री गणपतीच्या मांडवात तुम्ही तुमचं नवं गाणं म्हटलंत. शब्द तुमचे, चालही तुमचीच. पहिल्या कडव्याला माना डोलल्या. दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतल्या दोघी उठल्या, मग एक आजोबा, मग पोरांचं टोळकं. गाणं संपलं तेव्हा समोर मंडळाचे दोन कार्यकर्ते आणि सतरंजीवर झोपलेलं एक पोर उरलं होतं. घरी येताना तुम्ही मनाशी म्हणालात, लोकांना काही कळत नाही.

आता सकाळ झाली आहे. अकोल्यात अगस्तींच्या देवळापासून जरा खाली, प्रवरेच्या काठावर तुम्ही वही घेऊन बसला आहात. भाद्रपदातली नदी, गढूळ, दोन्ही थड्या भरून चाललेली. वर भंडारदरा धरण भरलं आहे. काहीतरी सुचेल म्हणून तुम्ही पाण्याकडे बघताय आणि पाणी आपल्या वाटेनं संगमनेरकडे निघालंय. वहीतलं दुसरं कडवं तुम्ही चार वेळा खोडलंत. पाचव्यांदा पेन टेकवता, आणि उठता. म्हणता, जरा पाण्याबरोबर चालून यावं.

पाणी जसं पुढं जातं तशी सालं मागं पडायला लागतात.

आधी आवाज जातात. कोल्हार-घोटी रस्त्यावरचे ट्रक, पंपांची घरघर, कुणाच्या तरी खळ्यावरचा स्पीकर. मग काठाचा ऊस आटतो आणि त्या जागी बाजरी उभी राहते. १९२६ मागं पडतं तशी भंडारदऱ्याची भिंत नाहीशी होते. आता आवर्तन कधी सुटणार हे कुणी कुणाला विचारत नाही, नदी पावसाच्या मर्जीवर आहे. १८९१ येतं. हॅरी ॲक्वर्थ नावाचा एक इंग्रज अंमलदार आणि शंकर तुकाराम शाळिग्राम लोकांच्या तोंडी उरलेले पोवाडे पहिल्यांदा छापून काढताहेत. ते पुस्तक तुमच्या देखत मिटतं आणि पोवाडे परत गोंधळ्यांच्या गळ्यात जाऊन बसतात. १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर चढलेलं इंग्रजांचं निशाण तुमच्यासाठी उलटं खाली उतरतं. तुम्ही चालतच राहता. उजेड जातो, संध्याकाळ होते, आणि म्हाळुंगी येऊन प्रवरेला मिळते. हे संगमनेर. साल १७६५ च्या आसपासचं.

पायाखाली माती आहे. हवेत गोवऱ्यांचा धूर. चावडीपाशी शेकोटी पेटली आहे आणि तिच्यावर डफ धरून एक तरुण बसलाय. ओल्या हवेत डफाचं कातडं सैल पडतं, म्हणून शेकावं लागतं. जास्त शेकलं तर फाटतं, कमी शेकलं तर आवाज भदभद येतो. तो मधूनमधून टिचकी मारून कान लावतो. या तरुणाचं नाव अनंत भवानीबावा घोलप. जन्म १७४४ चा, याच गावातला, ब्राह्मणाघरचा. ब्राह्मणाचा पोर डफ-तुणतुणं घेऊन तमाशाच्या फडावर उभा राहतो, म्हणून गावातली अर्धी घरं त्याच्यावर नाराज आहेत. उरलेली अर्धी आत्ता चावडीपुढं जमताहेत.

त्याच्या शेजारी एक फकीर बसलाय, मलिक फंदी. लोकांशी हा काहीतरी विचित्रच वागायचा, म्हणून लोक त्याला फंदी म्हणत, असं सांगतात. अनंताची त्याच्याशी इतकी गट्टी जमली की गावानं ते नाव त्यालाही चिकटवलं. घोलप मागं पडलं, अनंत फंदी उरला. नाव मित्राचं, तेही चेष्टेनं पडलेलं, आणि यानं ते काढून टाकलं नाही. पुढं मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो त्याच नावानं गेला.

तुमच्या हातात कुणीतरी तुणतुणं देतं. तुम्ही झीलकऱ्यांत उभे राहता. शाहिरानं ओळ टाकायची, तुम्ही झील धरायची. टेंभे पेटतात, तेलाचा काळा धूर डोळ्यांत जातो. गण होतो, मग लावणी सुरू होते. मागं उभं राहिल्यामुळं तुम्हाला एक गोष्ट दिसते, जी समोरून कधी दिसली नसती. हा माणूस डोळे मिटून गात नाही. त्याची नजर सारखी फिरते आहे, पुढच्या रांगेवरून मागच्या रांगेवर, तिथून पार कोपऱ्यातल्या ओट्यावर. कुठं कुणी जांभई दिली, कुणी शेजाऱ्याच्या कानाला लागलं, की पुढच्या ओळीत याचा डफ चढतो. कधी एखादी ओळ तो अर्ध्यावर सोडून भलतीच ओळ उचलतो आणि तुम्ही झीलकरी धावत मागं येता. तुम्हाला काल रात्री मांडवात गाताना मिटलेले आपले डोळे आठवतात.

त्या काळाचा हिशेब रोकडा आहे. समोर दुसरा फड उभा असतो. सवाल टाकला की जबाब तिथल्या तिथं रचायचा. जमला नाही तर माणसं त्या बाजूला सरकतात. घरी जाऊन वहीत खोडायची सोय नाही.

फडाबरोबर तुम्ही भटकू लागता. एका मोठ्या प्रवासात वाट उत्तरेला वळते, नर्मदेकडे. सातपुड्यात वाटमाऱ्यांनी याला अडवलं, आणि हा फंदी आहे हे कळल्यावर लुटायचं सोडून त्याचा मान केला, अशी आख्यायिका आहे. महेश्वरला पोचता. नदीवर दगडी घाट, आणि अहिल्याबाई होळकरांचा दरबार. ही बाई तुमच्याच मुलुखातली, जामखेडजवळच्या चौंडीत १७२५ साली जन्मलेली. अजून कितीतरी वर्षांनी तुमचा जिल्हा हिच्याच नावानं ओळखला जाणार आहे, हे त्या दरबारात फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

पुढचा प्रसंग परंपरेनं सांगितला जातो तो असा. फंदीची कवनं ऐकून बाई खूश होत नाहीत. एवढी वाणी असलेल्या ब्राह्मणानं डफ-तुणतुण्यावर शृंगार गात फिरावं, हे त्यांना रुचत नाही आणि त्या तसं तोंडावर सांगतात. शाहीर काही बोलत नाही. तो डफ उचलतो आणि फोडतो.

कातडं फाटल्याचा आवाज तुम्ही ऐकता. याच कातड्याला त्या रात्री शेकोटीवर धरून तो किती जपत होता, हे तुम्ही पाहिलेलं असतं. तुमच्या हातातल्या तुणतुण्याचं काय करायचं हे तुम्हाला समजत नाही. शेवटी ते तुम्ही घाटाच्या पायरीवर ठेवता आणि पुढं चालू लागता.

त्यानंतर फंदी कीर्तनकार होतो. हातात चिपळ्या, अंगावर उपरणं. टीका कुणाला चुकत नाही, पण त्या टीकेनं माणसाचं वाद्य बदलावं, सगळं जगणं बदलावं, हे क्वचित घडतं. कालच्या रात्रीनं तुमचं काय बदललं? तुम्ही स्वतःलाच विचारता आणि उत्तर टाळता.

वाट पुन्हा दक्षिणेला येते आणि १७९५ साल लागतं. ११ मार्चला खर्ड्याला निजामाशी लढाई होते. हे खर्डाही जामखेडचंच, चौंडीच्याच बाजूचं. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, सगळे एका झेंड्याखाली आलेत. असं पुन्हा कधी होणार नाही. पण त्या दिवशी हे कुणाला माहीत? गुलाल उडतो आहे. खर्ड्याच्या लढाईवर फंदीचा पोवाडा आहे. त्या विजयात मानाच्या जागी बसलेला पेशवा सवाई माधवराव एकवीस वर्षांचाही नाही.

ऑगस्टात अहिल्याबाई जातात. आणि २७ ऑक्टोबरला, शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडलेला तो तरुण पेशवाही जातो. त्याच्यावरही फंदीचं काव्य आहे, ‘श्रीमाधवनिधन’. विजयाचा पोवाडा आणि मरणाचं काव्य, दोन्ही एकाच माणसाच्या हातचं. खर्ड्यापासून त्या मरणापर्यंत मधे साडेसात महिने आहेत. तुम्ही हिशेब करता. एवढ्या काळात तुम्ही एका कडव्यातला एक शब्द बदलता, परत तोच ठेवता. फंदीला विषय शोधत नदीकाठी बसावं लागलं नाही. विषय त्याच्या दारात येऊन उभे राहत होते. खरं तर तसे ते तुमच्याही दारात येतात. तुम्ही तेव्हा कानात गाणं लावून बसलेले असता.

आणि मग ती रात्र येते, जिच्यासाठी प्रवरेनं तुम्हाला इतक्या लांब आणलं.

शिमग्याचे दिवस आहेत. एका गावात फंदीचं कीर्तन चालू आहे. तुम्ही या खेपेला त्याच्या मागं उभे नाही, समोर बसला आहात, लोकांत. पूर्वरंग संपत आलाय. निरूपण चांगलं आहे, नेटकं आहे, आणि थोडं लांबलं आहे. तेवढ्यात पलीकडच्या आळीतून डफाची थाप येते. कुणाचा तरी तमाशा उभा राहिलाय.

आधी पोरं उठतात. मग काठाला बसलेले गडी. “बघून येऊ जरा,” कुणीतरी शेजाऱ्याला म्हणतं, आणि ते जरा म्हणजे किती हे दोघांनाही माहीत असतं. सतरंजी मधनंमधनं रिकामी दिसायला लागते. थाप पुन्हा येते, आणि तुमच्या मांड्यांत काहीतरी हलतं. तुम्हाला हरिकथा नावडती झालेली नाही. कीर्तनकाराशी तुमचं वैर नाही. फक्त तिकडं काहीतरी जिवंत चाललंय आणि इथं तुम्ही बसलेले आहात.

तुम्ही उठता.

उठताना तुम्हाला कालचे आजोबा आठवतात. काठी टेकत, गुडघा धरत, मांडवातून निघालेले. त्यांना काही कळत नव्हतं असं नाही. त्यांच्याही मांडीत हेच हललं असणार.

तुम्ही चार पावलं जाता आणि मागून आवाज येतो. कीर्तनाची ठाय लय गेली आहे. हे शब्द वेगळे आहेत, एकाला एक बिलगलेले, यमकावर यमक, चाबूक ओढल्यासारखे. फटका. फंदीनं कथा बाजूला ठेवली आहे. निघालेल्या माणसांच्या पाठीवर तो ओळीमागून ओळ फेकतो आहे, जागच्या जागी रचून. पलीकडच्या डफाला तो शिव्या देत नाही, लोकांना अडाणी म्हणत नाही. सरळ मार्ग सोडू नकोस, संसारात असा वाग, तसं वागू नकोस, असं तो संसारी माणसाला सांगतो आहे. आजवर हजार वेळा ऐकलेला उपदेश, पण पाय हलत नाहीत. पुढं गेलेला गडी वळून उभा राहतो. पोरं परत येतात आणि उभ्यानंच ऐकतात. तुम्ही बसता. कुठं बसलात हेही तुम्ही बघत नाही.

तो फटका असा जन्मला, असं सांगतात. पुढं पिढ्यान् पिढ्यांनी तो पाठ केला.

आख्यायिका इथं थांबते. पण तुम्ही त्याच्याबरोबर चाललेले आहात, म्हणून तुम्हाला आणखी एक ऐकू येतं. सरळ वाटेनं जा असं बजावणारा हा माणूस एकाही वाटेनं सरळ गेलेला नाही. ब्राह्मणाघरून तो फडावर गेला, फडावरून कीर्तनात, आणि आत्ता, या घटकेला, भरल्या कीर्तनातून तो पुन्हा फडाच्या लयीकडं वळला आहे. फटका लोकांच्या पाठीवर पडतो आहे खरा, पण त्याची मूठ आणि त्याचे वळ दोन्ही फंदीचेच आहेत. म्हणून तर तो खोटा वाटत नाही. तो उपदेश करतोय असं वाटत नाही, कबुली देतोय असं वाटतं.

तुमच्या दुसऱ्या कडव्यात चांदणं होतं, पारिजातक होता, आणि कुणीतरी दूर गेलेलं होतं. कोण, ते तुम्ही लिहिलं नव्हतं. ते लिहायची तुम्हाला भीती वाटली होती.

परत फिरताना पाणी अंगावर येतं. १८१८ ला पेशवाई बुडते. १८१९ ला फंदी जातो. राज्यापाठोपाठ राज्याचा शाहीर, वर्षभराच्या अंतरानं. १८९१ ला पुस्तक पुन्हा उघडतं. भंडारदऱ्याला दगडावर दगड चढतो. काठाला ऊस परत उभा राहतो, पंप घरघरू लागतात. संगमनेरात आज अनंत फंदीच्या नावानं व्याख्यानमाला भरते. तिथंही कंटाळलेली माणसं मधूनच उठत असतील, आणि फंदीची त्याला हरकत नसावी.

तुम्ही अकोल्यात आहात. अगस्तींच्या देवळात घंटा वाजते. वही मांडीवरच आहे, ओल्या हवेनं पानं मऊ पडलेली. शेजारी एक पोरगा गाडी धुवून झाल्यावर फडकं पिळतोय. काल रात्री मांडवातून उठलेल्या टोळक्यातलाच हा.

“कालचं ते गाणं तुमचंच का?” तो विचारतो.

तुम्ही हो म्हणता.

“पहिलं कडवं भारी होतं,” तो म्हणतो आणि गाडीवर बसतो.

वहीतल्या चांदण्यावर तुम्ही काट मारता. पारिजातकावरही. त्या जागी जे नाव लिहायचं होतं ते लिहिता. हात थोडा थरथरतो. तालासाठी काही नाही, म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर बोटं टेकवता. आज डोळे उघडे ठेवायचे आहेत.

त्याचा पाय किकवर आहे. तुम्ही दुसरं कडवं म्हणायला लागता.