वेताळाचा मुलगा वेताळच का होतो?

सुपरहिरोंची आणि अद्भुतकथांची नवी कॉमिक्स बाजारात येतच असतात. लकडगंजच्या लाकूड बाजारामागच्या वस्त्यांतली मुलेही ती वाचतात. काही छापील, बरीचशी मोबाईलवर. बाप दिवसभर आरा मशीनवर नाहीतर हमालीवर, आणि पोरगा रात्री आकाशात उडणाऱ्या माणसाच्या गोष्टीत गढलेला. चळवळीतली वडीलधारी मंडळी हे पाहून चिडतात. "हा कचरा टाका आणि बाबासाहेबांचे चरित्र वाचा," असे सांगतात. आम्हाला हे पटत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरबंदी होती, त्याच्या मुलाच्या हातातून कोणतेही पुस्तक हिसकावून घ्यायचा अधिकार आम्ही कुणालाच देणार नाही, आपल्या माणसालाही नाही.

पण वाचू द्यायचे म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, असे नव्हे. आमचा प्रश्न एकच आहे: या गोष्टीतल्या नायकाला बळ येते कुठून? जन्मातून, की माणसांच्या संघटनेतून?

हा प्रश्न नवा नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त तो विचारला. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम या अवतारकथा एकेक करून त्यांनी तपासायला घेतल्या. धोंडीबा साध्या माणसाला सुचतील असे प्रश्न विचारतो आणि जोतीराव चमत्काराचे कवच काढून आतला सत्तेचा व्यवहार दाखवतात. परशुराम चिरंजीव आहे म्हणता ना, मग त्याने मुदतीत हजर व्हावे, अशी नोटीसच त्यांनी त्या पुस्तकात काढली! अद्भुतकथेची इतकी रोखठोक चिकित्सा त्याआधी मराठीत कुणी केली होती? बटू वामन तीन पावलांत बळीराजाचे राज्य घेतो, ही गोष्ट आपण भक्तिभावाने ऐकत होतो. जोतीरावांनी विचारले की राज्य कुणाचे होते आणि गेले कुणाकडे. कॉमिक्स वाचणाऱ्या आपल्या मुलाला हाच प्रश्न विचारता आला पाहिजे.

आता कॉमिक्सकडे वळू. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि ली फॉक यांचा फँटम मराठीत 'वेताळ' होऊन घराघरांत पोहोचला. १९९० पर्यंत ही मालिका चालली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी वाचनाची पहिली गोडी तिथेच घेतली. आता त्या गोष्टीची रचना बघा. जंगलात राहणारे हजारो काळे लोक, आणि त्यांचे रक्षण करणारा एक गोरा माणूस. तो एकविसावा वेताळ. बापानंतर मुलगा, त्याच्यानंतर त्याचा मुलगा. मुखवटा तोच, म्हणून भोळ्या लोकांना वाटते की हा अमर आहे. चारशे वर्षांत त्या जंगलातल्या एकाही बंदर पिग्मीला कुणी म्हणाले नाही, की यंदा मुखवटा तू घाल. मँड्रेकच्या गोष्टीत लोथार तर आफ्रिकेतला राजपुत्र, तरी गोऱ्या जादूगाराच्या मागे चालणारा.

रक्षणाचे काम जन्माने एका घराण्याकडे आणि रक्षण करून घेण्याचे काम जन्माने उरलेल्या सगळ्यांकडे. या व्यवस्थेला आपल्याकडे काय म्हणतात, हे सांगायला नको. चातुर्वर्ण्य शिकवायला दर वेळी मनुस्मृती लागत नाही. रंगीत चित्रांतूनही ते मनात उतरते, आणि वाचणाऱ्याला आपण काही शिकलो याचा पत्ताही लागत नाही.

सगळे सुपरहिरो एकाच साच्यातले आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. सुपरमॅन १९३८ साली जन्माला घातला तो जेरी सिगेल आणि जो शुस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी. जो सायमन आणि जॅक कर्बी या ज्यू तरुणांनी कॅप्टन अमेरिकेकडून हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावून घेतला. तो अंक आला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. दुबळ्याला बळाचे स्वप्न पडते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या वस्तीतल्या मुलालाही ते पडते. प्रश्न त्या स्वप्नाच्या मालकीचा आहे.

आपल्या देशात ही मालकी कुणाकडे गेली? अनंत पैंनी १९६७ साली अमर चित्रकथा सुरू केली आणि दोन पिढ्यांना इतिहास म्हणून पुराण वाचायला मिळाले. देव गोरे, राक्षस काळे आणि दातांचे, हे त्या चित्रांतूनच पोरांच्या डोळ्यांत बसले. बाबासाहेबांवरचा अंक यायला १९७९ साल उजाडले. तो आला याचे मोल आहेच. शाळेत पाणी नाकारलेला भीम कितीतरी सवर्ण मुलांनी पहिल्यांदा तिथेच पाहिला. पण राजे, देव आणि संत यांच्या मालिकेत आणखी एक थोर पुरुष, एवढीच जागा त्यांना मिळाली. पुढे २००६ साली 'रामायण ३३९२ एडी' सारखी इंग्रजी कॉमिक्स आली. काळ भविष्यातला, शस्त्रे नवी, पण कथा तीच. तेव्हापासून पुराणाला सुपरहिरोचा पोशाख घालायची जी रीत पडली, ती नव्या कॉमिक्समध्येही दिसते. अवतार आता झगा घालून येतो, एवढाच फरक.

नागपूरकरांनी एका गोष्टीकडे खास लक्ष द्यावे. १९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज आला. हिंदी वाचणाऱ्या आपल्या शहरात तो घरचाच झाला. हिरव्या खवल्यांची कातडी आणि शरीरातून निघणारे साप, असा हा नायक. पण याच शहरात, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले ते सांगितले होते. नाग हे साप नव्हते. ती माणसे होती, आणि बुद्धाचा धम्म त्यांनी देशभर पसरवला होता. ज्यांचा पराभव झाला त्यांना कथेत प्राणी करून टाकायचे, ही पुराणांची जुनी युक्ती. बाबासाहेबांनी सापाला पुन्हा माणूस केले. कॉमिक्सने त्या माणसाला परत खवले चिकटवले. नागराज लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आमचे म्हणणे नाही, पण हेतू चांगला असला म्हणून परिणाम बदलत नाही. नागराज वाचणाऱ्या नागपूरच्या किती मुलांना ठाऊक असते की नाग नदीच्या या शहरात ते स्वतःच त्या नागांचे वारस आहेत?

आणि पँथर? मार्व्हलने १९६६ च्या उन्हाळ्यात 'ब्लॅक पँथर' हा काळा सुपरहिरो आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. तिने नाव कॉमिक्समधून घेतले नव्हते. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत काळ्या मतदारांच्या संघटनेची निशाणी पँथर होती, तिथून ते आले. पुढे पार्टीची धास्ती इतकी वाढली, की १९७२ च्या सुरुवातीच्या एका अंकात कॉमिक्सच्या नायकाने आपले नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' करून घेतले. काही काळाने जुने नाव परत आले, पण ते १९७२ साल आपण विसरू नये. याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली. अमेरिकेत कागदावरच्या राजाला जे नाव जड झाले, ते इथे झोपडपट्टीतल्या आणि चाळीतल्या पोरांनी उचलले. त्यांच्याकडे ना व्हायब्रेनियमचा पोशाख होता, ना सिंहासन.

त्या कॉमिक्सनेही पुढे धडा घेतला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०१६ पासून ता-नेहिसी कोट्स यांनी ब्लॅक पँथर लिहिला, तेव्हा वकांडातली प्रजाच राजाविरुद्ध उठते आणि चांगल्या राज्याला राजा लागतोच का, असा प्रश्न उभा राहतो. म्हणजे या माध्यमाला लोकशाही परकी नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा सुपरहिरो नसलेल्या कॉमिक्समध्ये सापडतो. १९५७ च्या डिसेंबरात अमेरिकेत 'मार्टिन लूथर किंग अँड द मॉन्टगोमरी स्टोरी' हे सोळा पानी कॉमिक निघाले. किंमत दहा सेंट, प्रती अडीच लाख. बसवरच्या बहिष्काराची गोष्ट सांगून ते थांबत नाही. हा लढा तुम्ही आपल्या गावात कसा लढाल, हेही ते शिकवते. ते वाचलेल्या तरुणांमधले जॉन लुईस पुढे खासदार झाले आणि उतारवयात त्यांनी स्वतःची चळवळ 'मार्च' या तीन चित्रमय पुस्तकांत सांगितली. आपल्याकडे २०११ साली 'भीमायन' आले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी त्यात चौकटीच मोडून टाकल्या. विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना तिथे विंचवाची नांगी आहे आणि मायेच्या शब्दांना पक्ष्याचा आकार. त्याच वर्षी 'गुलामगिरी'वर आधारित 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' हे चित्रमय पुस्तक निघाले.

आता थोडे आपल्या घरात. बाबासाहेबांनाच सुपरहिरो करून टाकायचा मोह आपल्यालाही होतो. निळा सूट, मागे सूर्य, एका बोटाच्या इशाऱ्याने व्यवस्था कोसळते! चित्र सुंदर दिसते, पण ते इतिहासाशी बेइमानी करते. महाडचे चवदार तळे एका ओंजळीने खुले झाले नाही. १९२३ चा बोले ठराव, त्यानंतरचा महाड नगरपालिकेचा ठराव, रा. बा. मोरे यांची बांधणी, सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांची साथ, परिषदेसाठी ४० रुपये मोजून विकत घेतलेले पाणी, २० मार्च १९२७ रोजी तळ्याकडे चालत गेलेले हजारो पाय, आणि १९३७ पर्यंत चाललेला कोर्टातला खटला. नागपुरातही तेच. वामनराव गोडबोले आणि त्यावेळचे उपमहापौर सदानंद फुलझेले यांच्यासारख्यांनी धावपळ केली नसती, तर व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर लाखोंची सोय झाली असती का? पांढरी वस्त्रे घालून पायी आलेल्या बाया-माणसांना आपण चित्रात नुसती मागची गर्दी करणार आहोत काय?

विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले, की राजकारणात भक्ती शिरली की अधोगती आणि शेवटी हुकूमशाही येते. सुपरहिरोची वाट पाहणारा समाज हुकूमशहाच्या स्वागताला आधीच उभा असतो. आजचा भारत पाहणाऱ्याला यापुढे काही सांगायची गरज नाही.

म्हणून नवे कॉमिक हाती आले की मुलांसोबत बसून तीन प्रश्न विचारा. नायकाला बळ कुठून आले? राक्षस कुणाच्या चेहऱ्याचा काढला आहे? आणि नायक नसता तर या लोकांनी काय केले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या पुस्तकात नाही, ते उत्तर मुलांनाच लिहू द्या, काढू द्या. दीक्षाभूमीवर दर वर्षी लाखोंची पुस्तके विकत घेणारा हा समाज आहे. त्यात महाडची, नागपूरची, नामांतराची चित्रमय मराठी पुस्तके भरपूर असावीत, असे आम्हाला वाटते. चित्रे काढणारी पोरे लकडगंजपासून इंदोऱ्यापर्यंत आहेत. त्यांना कागद, रंग आणि चार पैसे देणे, हेही चळवळीचेच काम आहे.

वेताळाचा मुलगा वेताळच होतो, कारण गोष्ट लिहिणाऱ्याने तसे ठरवले. आपल्या गोष्टी आपण लिहू लागलो की हमालाच्या मुलीला कुणाच्या मुखवट्याची गरज उरणार नाही.

जय भीम.